इराणी रेस्तराँची तिसरी शाखा: सेंट्रल किचनमध्ये काय करावं, काय करू नये

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम लंडनमध्ये इराणी भागीदाराबरोबर तुमची दोन रेस्तराँ आहेत. पहिल्याचं नाव झालंय. दुसऱ्यात भात कधी मोकळा तर कधी गिच्च होतो, कुबिदे, म्हणजे सळईवरचा खिम्याचा कबाब, गळून पडतो. आता उत्तर लंडनमध्ये फिंचलीला तिसरी जागा बघताय, आणि सगळा स्वयंपाक एका सेंट्रल किचनमध्ये करून गाडीने तिन्हीकडे पाठवला तर चव सारखी राहील का, असं विचारताय.

सगळा स्वयंपाक पाठवलात तर राहणार नाही. कारण जे दोन पदार्थ बिघडतायत, भात आणि कबाब, तेच गाडीत चढवता येत नाहीत. खोरेश, म्हणजे रश्शाचे पदार्थ, उत्तम प्रवास करतात, पण त्यांच्याबद्दल तुमची तक्रारच नाही. सेंट्रल किचन जरूर करा, पण त्याने दुसऱ्या शाखेचा रोग बरा होणार नाही. तो त्या शाखेच्या चुलीवरच बरा करावा लागेल, आणि तो बरा होईपर्यंत तिसरीच्या भाडेकरारावर सही करू नका.

इतर वाचकांसाठी एक खुलासा. आपल्याकडे इराणी म्हटलं की बनमस्का, चहा आणि संगमरवरी टेबलं आठवतात. इथे विषय तो नाही. हा चेलो-कबाबचा धंदा आहे: वाफेवर दम दिलेला भात (चेलो), कोळशावरचा कबाब, दोन-तीन प्रकारचे खोरेश आणि तनूरमधली गरम रोटी. मुंबईत बेरी पुलाव खाल्लेल्यांना त्यातलं झेरेश्क, म्हणजे आंबट लाल बेरी, तेवढं ओळखीचं असेल.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतील. तुमच्या जागेत कोळसा पेटवता येतो का, रोज किती ताटं जातात, त्यातली किती घरपोच जातात, तनूरवर बसणारा माणूस मिळतोय का. त्यामुळे खालचे आकडे सुरुवातीचं माप म्हणून घ्या आणि आपल्या भांड्यांवर, आपल्या आचेवर तपासून मग लिहून ठेवा.

आधी भात. इराणातले तारोम, हाशेमीसारखे तांदूळ इथे महाग पडतात, म्हणून बाहेरची बहुतेक रेस्तराँ बासमतीच वापरतात. तुम्हीही तेच करत असणार. बासमती जुना हवा. नव्या पिकाचा तांदूळ लवकर मऊ पडतो आणि चिकटतो. पोतं एकाच छापाचं असलं तरी आतला माल बदलतो, म्हणून नवा लॉट आला की २०० ग्रॅम काढून उकळून बघायचा आणि त्या लॉटची वेळ भिंतीवर लिहायची. हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे आणि याच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे.

तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत, साधारण चार-पाच वेळा धुवा, मिठाच्या पाण्यात दोन तास भिजवा. एक किलोला किमान सहा लिटर पाणी खळखळ उकळवा, लिटरला २० ते २५ ग्रॅम मीठ घाला. तांदूळ पडल्यावर पाणी थंडावतं आणि परत उकळी यायला वेळ लागतो. दुसऱ्या शाखेचा घोळ बहुधा इथेच आहे. पहिल्या शाखेचा बर्नर ताकदीचा असेल तर उकळी दीड मिनिटात परत येते. दुसरीकडे त्याच पातेल्याला पाच मिनिटं लागत असतील तर तेवढा वेळ दाणा कोमट पाण्यात फुगत राहतो, पिठूळ होतो, आणि स्वयंपाकी मात्र पहिल्या शाखेतून शिकून आलेली सात मिनिटं मोजत बसतो. तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा आणि दाणा तपासा: दोन बोटांत दाबल्यावर बाहेरून मऊ आणि मधोमध एक टणक पांढरा ठिपका राहिला की लगेच रोळीत ओता. उकळी परत यायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर एका वेळचा तांदूळ कमी करा. पाच किलोऐवजी तीन किलोचे दोन घाणे काढले तर मेहनत वाढते, पण भात सुधारतो.

निथळलेला भात चाखा. खारट लागला तर कोमट पाण्याचा एक हात फिरवा. पातेल्याच्या तळाला तेल-लोणी, त्यावर लवाशचे (पातळ रोटीचे) तुकडे किंवा बटाट्याच्या चकत्या, वर भात हलक्या हाताने निमुळता रचायचा, झाऱ्याच्या दांड्याने पाच-सहा भोकं पाडायची. मोठ्या आचेवर वाफ दिसेपर्यंत पाच-सात मिनिटं, मग वरून वितळलेलं लोणी आणि थोडं गरम पाणी, झाकणाला जाड कापड गुंडाळून मंद आचेवर ४५ ते ६० मिनिटं. कापड सोडू नका. झाकणावरचं पाणी परत भातात गळलं की वरचा थर गिच्च होतो, आणि मग ग्राहकाच्या ताटात कोणता थर येतो त्यावर त्याचं मत ठरतं. 'कधी मोकळा, कधी गिच्च' या तक्रारीचं हे दुसरं कारण.

एक किलो कोरड्या तांदळाचा साधारण सव्वादोन ते अडीच किलो चेलो होतो. झाकलेल्या पातेल्यात तो दीड-दोन तास चांगला राहतो, पुढे दाणा दबतो. म्हणून दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन घाणे काढायचे, सकाळी एकदाच डोंगर करून ठेवायचा नाही. तहदिग, म्हणजे तळाचा खरपूस थर, पातेल्यात राहिला की वाफेने मऊ पडतो. रेस्तराँमध्ये तो पसरट तव्यावर वेगळा, दर तासा-दीड तासाला काढलेला बरा.

सेला, म्हणजे उकडा बासमती मोडत नाही, कोणाच्याही हातून बरा होतो, म्हणून तो वापरायचा मोह होईल. लग्नकार्याच्या मोठ्या ऑर्डरला ठीक आहे. रोजच्या चेलोला वापरू नका: वास जातो, आणि लोणी आणि सुमाक (भातावर भुरभुरायची आंबट लाल पूड) ज्या मऊपणात मुरायला हवं तो मऊपणाच राहत नाही.

शिजवलेला भात गाडीने पाठवण्याचा विचार पूर्ण सोडून द्या. चवीचा भाग आहेच, पण त्याहून मोठं कारण बॅसिलस सेरियस या जंतूचं. त्याचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष परत गरम केल्याने जात नाही. इंग्लंडमध्ये गरम अन्न ६३ अंशांच्या वर ठेवावं लागतं. गाडीतून उतरलेल्या भाताच्या डब्याच्या कडेला ते तापमान टिकवणं फार अवघड.

आता कुबिदे, आणि इथे मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण इराणी रेस्तराँची पारख ग्राहक यावरूनच करतात.

दहा किलोचं माप: कोकराचा खांदा आणि मान, किंवा निम्मं कोकरू निम्मं बीफ. चरबी २० ते २२ टक्के. खिमा दोनदा काढायचा, दुसऱ्यांदा बारीक जाळीतून. मशीनचं पातं धारदार हवं. बोथट पातं मांस कापत नाही, चेंगरतं, आणि चरबी सगळीकडे फासली जाते. कांदा अडीच किलो, किसून कापडात घट्ट पिळायचा. एक-सव्वा किलो चोथा उरला पाहिजे. मीठ किलोला १४ ग्रॅम, मिरी किलोला २ ते ३ ग्रॅम. हवं तर थोडं केशराचं पाणी. अंडं नको, ब्रेडचा चुरा नको. त्यांची गरज वाटली याचा अर्थ मळण्यात कसर राहिली.

मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि मळल्याने ती एकमेकांना धरतात. कुबिदे सळईला चिकटून राहतो तो याच कारणाने. मळताना खिमा थंड पाहिजे: सुरुवातीला २ ते ४ अंश, शेवटी १० च्या पुढे नको. त्याहून गरम झाला की चरबी ओघळायला लागते आणि पकड जाते. मिक्सरला पॅडल लावून मंद वेगावर चार-पाच मिनिटं पुरतात. मूठभर खिमा तळहातावर थापून हात उलटा केला, आणि तो पडला नाही, की झालं. मग दोन-तीन तास फ्रिजमध्ये विसावा.

गळण्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि कबाब कुठे गळतो यावरून ती ओळखता येतात. कच्चा असतानाच अख्खा लांबट गोळा सळईवरून खाली घसरत असेल तर खिमा गरम झालाय किंवा मळणं कमी पडलंय. आगीवर ठेवल्यावर मधोमध भेग पडून तुकडा सुटत असेल तर कांद्यात पाणी राहिलंय, त्याची वाफ आतून ढकलते. अर्धा शिजल्यावर टोकाकडून सुटत असेल तर सळईवर चढवताना टोकं दाबून बंद केलेली नाहीत. आणि सगळं नीट असूनही गळत असेल तर सळया बघा: आधीच्या घाण्यातून आलेली गरम किंवा तेलकट सळई कधीच पकड देत नाही. सळया धुऊन, कोरड्या करून, गार करून वापरायच्या. दोन सेंटिमीटर रुंदीच्या चपट्या सळया घ्या, आणि गर्दीच्या वेळी लागतील त्याच्या अडीचपट ठेवा. गार होऊ द्यायला वेळच मिळाला नाही असं होऊ नये.

एका सळईला १३० ते १५० ग्रॅम, ओल्या हाताने, बोटांनी दर अडीच सेंटिमीटरवर खाच. कोळसा ज्वाळेविना लालभडक, सळईपासून १० ते १२ सेंटिमीटर. पहिली बाजू १५-२० सेकंदांत उलटायची, लगेच दुसरी, म्हणजे दोन्हीकडून वरचा थर आवळतो. मग निवांत फिरवत एकूण सहा ते आठ मिनिटं. पहिल्यांदा उलटायला उशीर झाला तर खालची बाजू आवळते आणि वरची अजून मऊ असते. ती स्वतःच्या वजनाने लोंबायला लागते. आतलं तापमान ७५ अंशांना पोचलं पाहिजे. खिमा असल्यामुळे यात सवलत नाही. कबाब कडक होत असेल तर बहुतेक वेळा चरबी कमी असते, किंवा आच मंद असल्याने तो वाळत शिजतो.

यातलं सेंट्रल किचनमध्ये काय? मांसाची निवड, चरबीचं प्रमाण आणि खिमा काढणं. तेवढंच. कांदा, मीठ आणि मळणं शाखेत, त्याच दिवशी. रात्रभर कांदा लागलेला खिमा दुसऱ्या दिवशी करडा पडतो आणि उग्र वास येतो. खिमा ० ते ४ अंशांच्या गाडीतून पाठवा आणि २४ तासांत संपवा.

जूजे कबाबचं सोपं आहे. कोंबडीला कांदा, केशर, तेल आणि हवं तर दही केंद्रात लावून १२ ते २४ तास मुरू द्या. लिंबू आणि मीठ मात्र शाखेत, भाजण्याआधी दोन-तीन तास. लिंबात रात्रभर राहिलेलं छातीचं मांस खडूसारखं होतं.

इथपर्यंतची विभागणी अशी झाली: भात, भाजणं आणि मळणं शाखेत, कापणं, खिमा आणि कोंबडी मुरवणं केंद्रात. आता ज्याच्यासाठी केंद्र खरंच उपयोगी आहे ते.

गोर्मे सब्झी, म्हणजे हिरव्या पाल्याचा खोरेश, एका दिवसाने जास्त चांगली लागते, म्हणून ती केंद्रातच करावी. पार्सली, कोथिंबीर, तरे (हिरव्या लसूणपातीच्या जवळपास जाणारी पात, न मिळाल्यास लीकचा हिरवा भाग) आणि मेथी. ताजी मेथी एकूण भाजीच्या दहा टक्क्यांच्या वर नको. आपल्याला मेथीची सवय असते म्हणून आपला हात सैल सुटतो आणि सगळा रस्सा कडू होतो. भाजी धुऊन अगदी कोरडी करा, सुरीने चिरा, मिक्सरमध्ये वाटू नका. मग पुरेशा तेलात गडद हिरवी होईपर्यंत २०-२५ मिनिटं परता. ओली भाजी परतली जात नाही, उकडते, आणि मग कितीही शिजवली तरी गवताचा वास राहतो. वाळलेलं लिंबू, म्हणजे लिमू अमानी, टोचून गरम पाण्यात भिजवा, बिया काढा आणि शेवटच्या पाऊण-एक तासासाठीच घाला. पहिल्यापासून घातलं तर तेही कडवट.

फेसेंजानला, म्हणजे अक्रोड-डाळिंबाच्या खोरेशला, अक्रोड खरेदी करताना प्रत्येक पोत्यातला एक चाखून घ्या. खवट अक्रोड डाळिंबाच्या आंबट-गोड पाकाने झाकला जात नाही. एक किलो कोंबडीला अर्धा किलो वाटलेला अक्रोड आणि २०० ते २५० मिलिलिटर पाक. अक्रोडाला तेल सुटेपर्यंत मंद आचेवर तीनेक तास लागतात, मधूनमधून थोडं थंड पाणी घातलं की तेल लवकर वर येतं. पाकाचा आंबटपणा छापागणिक बदलतो, म्हणून साखरेचा अंदाज शेवटी एकाच माणसाने घ्यावा. हे केंद्रातच शक्य आहे. गेयमेची (डाळ-मांसाच्या खोरेशची) डाळ वेगळी, थोडी कमी शिजवून मिसळा, नाहीतर शाखेत गरम करताना पिठलं होतं. वरचे तळलेले बटाटे शाखेत तळायचे. झेरेश्क धुऊन निवडून केंद्रातून पाठवा, पण लोणी-साखरेत परतणं शाखेत. मंद आचेवर एक-दोन मिनिटं, त्याहून जास्त झालं तर काळं पडून कडू होतं.

खोरेशमध्ये खरी जोखीम गार करण्याची. चाळीस लिटरचं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवलं तर मधला भाग सकाळीही कोमट असतो. पाच सेंटिमीटरपेक्षा उथळ ट्रेमध्ये ओतून ब्लास्ट चिलरमध्ये (अन्न झपाट्याने गार करणाऱ्या यंत्रात) दीड तासात ८ अंशांखाली आणा, साठवण ५ अंशांला. ब्लास्ट चिलर परवडत नसेल तर सेंट्रल किचन अजून परवडत नाही असं समजा. शाखेत त्या वेळेपुरतंच गरम करायचं, ७५ अंशांपर्यंत, आणि एकदाच. उरलेलं परत फ्रिजमध्ये जाणार नाही.

अक्रोड, पिस्ता, बदाम, रोटीवरचे तीळ, दूध, गहू: कायद्याने जाहीर कराव्या लागणाऱ्या १४ घटकांपैकी बरेच तुमच्या स्वयंपाकघरात आहेत. फेसेंजान दिवसाच्या शेवटी करा, त्याची भांडी-झारे वेगळ्या रंगाचे ठेवा, आणि केंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक ट्रेवर पदार्थ, तारीख आणि ॲलर्जीचे घटक लिहा.

केशर केंद्रात ठेवा आणि ग्रॅममध्ये मोजून द्या. पूड विकत घेऊ नका, काड्याच घ्या. चिमूटभर साखरेबरोबर खलून, एक ग्रॅमला १०० ते १२० मिलिलिटर गरम पण न उकळतं पाणी, झाकून वीस मिनिटं. प्रत्येक शाखेत एकाच रंगाचा भात दिसतो तो यामुळे.

रोटीबद्दल थोडक्यात: पीठ मळून गोळे थंड करून पाठवता येतात, भाजलेली रोटी नाही. डब्यात बंद झाली की अर्ध्या तासात चामट होते. तिसऱ्या जागेत तनूर बसत नसेल तर जवळच्या इराणी बेकरीकडून दिवसातून दोनदा ताजी घ्या. फिंचली-गोल्डर्स ग्रीन भागात इराणी दुकानं बरीच आहेत, हे त्या जागेच्या बाजूने मोजा.

जागेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. भाडेकरारापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न: इथे कोळशाची भट्टी चालेल का? धुराडं छतापर्यंत न्यायला वाट आहे का, त्याला प्लॅनिंगची परवानगी मिळेल का, घरमालक आणि विमा कंपनी लेखी हो म्हणतात का? कोळशाची हवा ओढण्याची व्यवस्था गॅसच्या फ्रायरपासून वेगळी हवी, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. लंडनचा बहुतेक भाग धूर-नियंत्रण क्षेत्रात येतो, तेव्हा भट्टी घेण्याआधी कौन्सिलकडे चौकशी करा. परवानगी नसेल तर लाव्हा खडकांची गॅस भट्टी हा पर्याय आहे, पण एका नावाखाली दोन शाखा कोळशावर आणि तिसरी गॅसवर चालवू नका. नेहमीचा ग्राहक पहिल्याच घासाला ओळखतो आणि मग तिन्हींबद्दल शंका घेतो. तशी वेळ आली तर जागा सोडा.

सेंट्रल किचन कधी परवडतं? माझा ठोकताळा असा, की तिन्ही शाखांची मिळून रोज खोरेशची दीडशे ताटं जात नसतील तर वेगळी जागा घेऊ नका. पहिल्या शाखेचं स्वयंपाकघर सकाळी सहा ते अकरा रिकामं असतं, तेच केंद्र म्हणून वापरा. त्यापुढे गेलात की पार्क रॉयलसारख्या औद्योगिक भागात छोटं युनिट बघा. नव्या जागेची कौन्सिलकडे नोंदणी काम सुरू होण्याच्या किमान २८ दिवस आधी करावी लागते. मांसाचे पदार्थ एका जागेतून दुसरीकडे जाणार असल्याने नुसती नोंदणी पुरेल की वेगळी मान्यता लागेल, हे कौन्सिलच्या अन्न-अधिकाऱ्याला आराखडा काढण्यापूर्वीच विचारा. नंतर भिंती हलवणं फार महाग पडतं.

उद्यापासून काय करायचं ते सांगतो. दुसऱ्या शाखेत एक आठवडा फक्त तीन नोंदी ठेवा: तांदूळ टाकल्यावर उकळी परत यायला लागलेला वेळ, मळून झाल्यावर खिम्याचं तापमान, आणि पिळल्यावर उरलेल्या कांद्याचं वजन. त्याच आठवड्यात पहिल्या शाखेतही हेच मोजा. तुमच्या भागीदाराचा जुना उस्ताद हाताच्या अंदाजाने करत असेल तर त्याला वजनकाट्यावर काम करायला लावू नका. त्याच्या शेजारी दुसऱ्याने काटा घेऊन उभं राहायचं आणि तो जे करतो ते लिहायचं. मग नव्या भट्टीवाल्याला महिना-दीड महिना पहिल्या शाखेत त्याच्या हाताखाली ठेवा, पगार देऊन. नवरोजच्या (मार्चमधल्या इराणी नववर्षाच्या) आधीचे दोन आठवडे मात्र यासाठी निवडू नका, त्या गर्दीत कोणाला शिकवायला सवड नसते. दोन्ही शाखांचे आकडे हाती आले की इथेच लिहा, त्यावरून बर्नर बदलायचा की घाणा लहान करायचा ते सांगता येईल.